पळस फुलतो, पण पाणी कोठून आणतो?



फाल्गुन महिन्यात एखाद्या रविवारी सकाळी वाशीम जिल्ह्यातील किन्हीराजा या गावी या. हे गाव मालेगाव तालुक्यात आहे. (किन्ही हे शिरीषाच्या जवळच्या नात्यातील एका झाडाचे नाव आहे, पण आज आपले काम त्या झाडाशी नाही.) गाव मागे टाकून मुरमाड टेकाडांच्या दिशेने चालू लागा. तूर केव्हाच खळ्यावरून घरी गेलेली असते, हरभऱ्याची काढणी चालू असते, आणि गवत इतके वाळलेले असते की पायाखाली ते कुरकुर वाजते. अशा उघड्याबोडक्या रानात धुऱ्याधुऱ्यावर आणि टेकाडांच्या उतारावर पळस पेटल्यासारखे फुललेले दिसतात. जवळ जाऊन एक फूल हाती घ्या. काळसर, मखमली पेल्यातून बाहेर आलेली वाकडी पाकळी थेट पोपटाच्या चोचीसारखी दिसते. म्हणूनच संस्कृतात पळसाला किंशुक, म्हणजे 'हा पोपट तर नव्हे?', असे नाव पडले. फुलाला वास मात्र नाही. का नाही, ते पुढे पाहू.

काही वर्षांपूर्वी मी विद्यार्थ्यांची एक तुकडी घेऊन अशाच एका झाडाखाली उभा होतो. एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, पाणी कमी पडले म्हणून पळसाने पाने गाळली, असे पुस्तकात आहे. मग एवढी हजारो फुले फुलवायला याला पाणी कोठून मिळाले?" मी उत्तर दिले, "मुळे खोल जातात ना!" ती म्हणाली, "मग पाने का गाळली?" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. जेवणाची वेळ झाली आहे, असे सांगून मी विषय बदलला. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्याला हे शोभणारे नव्हते, कारण तिच्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे भौतिकशास्त्रातच आहे. ते आज मांडतो.

आधी झाडात पाणी वर कसे चढते ते पाहू. तुमच्या शेतात विहीर असेल, तर एक गोष्ट वडिलांना विचारा. पंप विहिरीच्या काठावर ठेवला आणि पाणी दहा-बारा मीटर खाली गेले, तर पंप पाणी का ओढत नाही? पंप पाणी 'ओढतो' असे आपण म्हणतो खरे, पण प्रत्यक्षात तो नळीतील हवेचा दाब कमी करतो आणि बाहेरच्या वातावरणाचा दाब पाण्याला वर ढकलतो. वातावरणाचा दाब फार तर 10.3 मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलू शकतो. व्यवहारात तर सात-आठ मीटरच्या पुढे पंप हात टेकतो, म्हणून शेतकरी तो विहिरीत खाली उतरवतात.

झाडे मात्र याहून कितीतरी उंच असतात. ती पाणी ढकलत नाहीत, खरोखरच ओढतात. पानांच्या पृष्ठभागावर पर्णरंध्रे नावाची सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाण्याची वाफ सतत बाहेर पडते. यालाच बाष्पोच्छ्वास म्हणतात. एक रेणू गेला की तो मागच्या रेणूला ओढतो, कारण पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. पानापासून मुळापर्यंत जलवाहिन्यांतून पाण्याचा एक सलग धागा ताणलेला असतो. ही कल्पना डिक्सन आणि जोली या दोघा शास्त्रज्ञांनी 1894 मध्ये मांडली. पाण्याचा धागा ताण सहन करतो यावर पुष्कळांचा विश्वास बसेना. पुढे 1965 मध्ये शोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोडलेली डहाळी दाबपात्रात ठेवून हा ताण मोजून दाखवला. डहाळी तोडताच ताणलेले पाणी आत सरकते. कापलेल्या टोकाशी पाणी पुन्हा दिसू लागेपर्यंत बाहेरून दाब वाढवत न्यायचा; जेवढा दाब लागला तेवढा ताण आत होता. खारफुटीत आणि वाळवंटी झुडपांत तो तीस-चाळीस वातावरणांच्याही पुढे निघाला!

आता हिशेब करा. बारा मीटर उंचीच्या पळसात पाण्याचे वजन पेलायला सुमारे सव्वा वातावरणाचा ताण पुरतो. खरा ताण उंचीमुळे येतच नाही. तो येतो वरच्या कोरड्या हवेमुळे आणि खालच्या कोरड्या जमिनीमुळे. पाऊस ऑक्टोबरच्या सुमारास संपला. माघ उजाडेपर्यंत वरचा मुरूम कोरडा झाला आणि हवाही सुकली. पाने वरून ओढताहेत, जमीन खालून सोडत नाही. या ओढाताणीत खोडातील पेशींचेही पाणी खेचले जाते. अशा स्थितीत कळी उमलू शकत नाही. कारण कळी उमलणे म्हणजे तिच्या पेशींनी पाणी घेऊन फुगणे. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरल्याशिवाय ती ताठ होत नाही, तसेच पेशीचे आहे.

आणि मग झाड पाने गाळते. येथेच माझी चूक झाली होती. पाने गळणे म्हणजे झाडाने हार मानणे, असे मी समजत होतो. वास्तविक, ती वरची तोटी बंद करणे असते. मुळे खोलवरच्या ओलीतून थोडे थोडे पाणी घेतच असतात. पूर्वी ते आल्या वाटेने हवेत उडून जात होते; आता ते खोडात साठू लागते. ताण उतरतो, पेशी पुन्हा भरतात आणि थांबलेल्या कळ्या फुगू लागतात. मुळे खोल असणे आणि पाने गळणे या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात, हे त्या मुलीला मी सांगायला हवे होते. मिळकत तीच ठेवून खर्च थांबवला, की शिल्लक पडते.

मध्य अमेरिकेतील कोस्टारिका देशातल्या कोरड्या जंगलांत रॉल्फ बोर्शर्ट या शास्त्रज्ञाने अनेक वर्षे अशा झाडांच्या खोडातील पाणी तपासले. पानगळ झाली की खोड पुन्हा पाण्याने भरते आणि त्यानंतर फुले येतात, असे त्याला पुष्कळ जातींत आढळले. त्याचा या विषयावरील एक महत्त्वाचा लेख 1994 मध्ये प्रसिद्ध झाला. मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्याकडील सिनालोआ प्रांतातही उष्ण, कोरड्या हवेत आमापा नावाची झाडे पाने टाकून गुलाबी फुलांनी भरून जातात. तिकडच्याच एका पिवळ्या फुलांच्या झाडाला तर 'प्रिमाव्हेरा', म्हणजे वसंत, असे नाव आहे. ही झाडे पळसाच्या कुळातील नाहीत. हवामान सारखे, अडचण सारखी, म्हणून युक्तीही सारखी.

हे तुम्हाला पडताळून पाहता येईल. कडुनिंबाच्या सारख्या जाडीच्या दोन डहाळ्या पाण्याखाली धरून कापा. एकीची सर्व पाने काढून टाका. दोन सारख्या बाटल्यांत पाणी घेऊन डहाळ्या ठेवा, पाण्यावर गोडेतेलाचा पातळ थर द्या, म्हणजे पाणी उघड्या तोंडातून उडणार नाही. पातळीशी खूण करून बाटल्या सावलीत, पण वाऱ्यावर ठेवा. संध्याकाळी दोन्हींतील पाणी किती उतरले ते मोजपट्टीने मोजा. शिक्षकांना विनंती, की अपेक्षित उत्तर आधी सांगू नये.

कोणी म्हणेल, फुलेही पाणी उडवतीलच. उडवतात, पण पाकळ्यांवर पर्णरंध्रे फारच थोडी असतात, आणि फुलाचे आयुष्यही थोडे. खर्च आहे, परंतु पानांच्या मानाने किरकोळ.

आता वासाची गोष्ट. पळसाचे मुख्य ग्राहक पक्षी आहेत. जांभळा शिंजीर फांदीवर बसून चोच आत घालतो, तेव्हा पराग त्याच्या अंगाला लागतात. खारही हे काम करते. पक्ष्यांना वासापेक्षा रंग महत्त्वाचा. मधमाशीला 650 नॅनोमीटरच्या पुढचा लाल प्रकाश जवळजवळ दिसत नाही, पक्ष्यांना तो चांगला दिसतो. (मधमाश्या पळसावर येतच नाहीत, असे मात्र समजू नका.) हिरवा जिलेटिन कागद डोळ्यांसमोर धरून फुलाकडे पाहा, ते काळपट दिसेल. मग लाल कागद धरा. आणि पानेच नसल्यामुळे हा रंग झाकणारे मध्ये काहीच नाही, याचीही नोंद घ्या.

परत निघताना खाली पडलेली फुले ओंजळभर गोळा करा. झाडाची तोडू नका. पाण्यात उकळली की सुंदर पिवळा रंग उतरतो, रंगपंचमीला तो उत्तम. त्यातला थोडा परीक्षानळीत वेगळा घेऊन चुन्याची निवळी टाका, रंग नारिंगीकडे झुकेल. म्हणजे हा दर्शकही झाला. निवळी टाकलेले पाणी कोणाच्या अंगावर उडवू नका, ते डोळ्यांना घातक आहे.

फुलांनंतर चपट्या शेंगा लागतात. प्रत्येकीच्या टोकाशी एकच बी. पावसाळ्याच्या तोंडाशी त्या वाऱ्याबरोबर उडतात, आणि बी ओल्या जमिनीत पडण्याची शक्यता वाढते. फुलण्याची वेळ मागे, फाल्गुनात, का असावी, याचा एक धागा येथे मिळतो. पाऊस येण्याआधीच, ऐन वैशाखाच्या उन्हात, नवी तिनतिन पानेही फुटतात. पोळ्याला बैलांचे खांदे शेकायला आपण हीच पाने आणतो.

एक काम मात्र अर्धे आहे. टेकाडावरच्या काही पळसांवर फुलांबरोबर जुनी पानेही राहिलेली दिसतात, काही अगदी निष्पर्ण असतात. पुढच्या वर्षी गावाजवळचे पाच पळस नाल्याकाठचे आणि पाच मुरमावरचे निवडा. त्यांना चुन्याने क्रमांक घाला. पौषापासून दर रविवारी जाऊन पाने किती उरली आणि पहिली कळी केव्हा उमलली, ते वहीत तारखेसह लिहा. आधी कोण फुलते? ज्याच्या मुळाशी ओल आहे तो, की ज्याने पाने आधी टाकली तो? एवढ्या दहा झाडांवरून ठाम निष्कर्ष निघणार नाही, म्हणून शेजारच्या गावातील शाळेलाही बरोबर घ्या.