एका तारेवर चार सेन्सर

प्रश्न : अर्डुइनोच्या एकाच पिनला चार डीएस१८बी२० तापमान सेन्सर जोडले आहेत. एकेकटा सेन्सर नीट चालतो, पण चारही जोडले की आकडे चुकतात. प्रत्येकाला वेगळी पिन द्यावी का?

उत्तर : गरज नाही. तुमचा प्रोग्राम बहुधा ‘स्किप रॉम’ आज्ञा देऊन तापमान वाचतो आहे. ही आज्ञा सगळ्यांना लागू होते, त्यामुळे चारही सेन्सर एकदम उत्तर देतात आणि बिट एकमेकांत मिसळतात. प्रत्येक सेन्सरमध्ये कारखान्यातच कोरलेला ६४ बिटांचा स्वतंत्र क्रमांक असतो. ‘सर्च रॉम’ने चारही क्रमांक शोधून नोंदवा. मोजणी सुरू करायला ‘स्किप रॉम’ चालेल. १२ बिटांच्या मोजणीला ७५० मिलिसेकंद द्या, मग ‘मॅच रॉम’ने एकेकाला क्रमांकाने हाक मारून वाचा.

जोडणीही तपासा. या तारेवरची कोणतीही चिप लाइन फक्त खाली ओढते. वर नेण्याचे काम रोधाचे. म्हणून डेटा आणि व्हीसीसी यांच्यात ४.७ किलोओहमचा एकच रोध लावा. पिनवरून थेट ‘हाय’ देऊ नका. प्रत्येक वाचनाचा सीआरसी पडताळा, आणि तो जुळला नाही तर तो आकडा वापरू नका.