न संपणारी धाव

माझा भाचा चेन्नईतील मैलापूर येथे एका कापडाच्या दुकानात काम करतो. रात्री जेवण झाल्यावर त्याला अभ्यासासाठी जेमतेम एक तास मिळतो. ‘पाच मिनिटे खेळतो आणि वाचायला बसतो,’ असे म्हणून तो मोबाइल हाती घेई, आणि पुस्तक मिटलेलेच राही. मी त्याला आळशी ठरवून मोकळा झालो होतो. पुढे तो खेळ स्वतः खेळून पाहिला, तेव्हा माझाही तास गेला.

तो खेळ होता ‘सबवे सर्फर्स’. डेन्मार्कमधील दोन कंपन्यांनी तो २०१२ मध्ये आणला. नंतर त्याची मुंबई आवृत्तीही निघाली. रेल्वेच्या तीन रुळांवरून एक मुलगा पळतो. मागे पहारेकरी आणि त्याचा कुत्रा. मुलाचे पळणे आपल्या हाती नसते. बोटाने त्याला बाजूला सरकवायचे, उडी मारायला लावायची किंवा खाली वाकवायचे, एवढेच.

मग जीव टांगणीला लागतो तो कशामुळे? पाठलाग करणारे एरवी फारसे दिसतही नाहीत. किरकोळ ठेच लागली की मात्र ते पाठीशी येतात. खरी घाई निर्माण होते ती वेगामुळे. समजा, पडद्यावर पुढचा ६० मीटर मार्ग दिसतो. वेग सेकंदाला १० मीटर असेल, तर अडथळा दिसल्यापासून ६ सेकंद मिळतात. वेग २० मीटर झाला की ३ सेकंदच उरतात. मार्ग तोच, अडथळेही तेच. विचार करायला मिळणारा अवधी तेवढा अर्ध्यावर येतो. त्यातच नाण्यांची रांग मोहात पाडते.

आपल्या खो-खोतही पळणारा किती वेळ टिकला, हे मोजतात. परंतु तेथे डाव ९ मिनिटांचा असतो. पंचाची शिट्टी वाजते आणि न सापडलेला खेळाडू ताठ मानेने बाहेर येतो. या खेळात शिट्टीच नाही. कितीही चांगले खेळलात, तरी धाव संपते ती बाद होऊनच. जिंकून उठण्याची सोयच नसल्यामुळे प्रत्येक वेळी चुटपुट लागते. नेमक्या त्याच क्षणी खेळ विचारतो, ‘किल्ली खर्चून पुन्हा उठायचे का?’ उत्तर द्यायला काही सेकंदच मिळतात. त्याच धावेत पुन्हा उठायचे, तर किल्ल्या दुप्पट लागतात: १, २, ४, ८. किल्ल्या पैसे देऊनही मिळतात, हे लक्षात घ्यावे.

हे सारे मी भाच्याला सांगितले. त्याने खेळ सोडला नाही. आता तो दुकानातून सुटल्यावर तिरुमयिलै स्थानकावर गाडीत बसतो आणि घरी पोहोचेपर्यंतच खेळतो. मी कारण विचारले, तर हसून म्हणाला, “मामा, तिरुवान्मियूर आले की उतरावेच लागते.”