कीपॅड मुका झाला, दोष कुठे?

प्रश्न : घराला रंग दिल्यापासून सिक्युरिटी अलार्मच्या कीपॅडचा डिस्प्ले कधी चालतो, कधी बंद पडतो. कीपॅड नवा घ्यावा का?

उत्तर : इतक्यात मुळीच घेऊ नका. रंगकामात कीपॅड भिंतीवरून उतरवला असेल, तर वायर सैल झाल्याचीच शक्यता जास्त. बहुतेक पॅनेलमधून कीपॅडला चार वायर जातात: लाल व काळी वीजपुरवठ्याची, हिरवी व पिवळी डेटाची. मल्टिमीटर डीसीवर ठेवून लाल-काळीवर व्होल्टेज मोजा, आधी पॅनेलपाशी, मग कीपॅडपाशी. पॅनेलपाशी साधारण 13 ते 14 आणि कीपॅडपाशी 10 दिसले, तर वाटेतला एखादा जोड खराब आहे. रंगाखाली दडलेला, नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड हमखास दगा देतो.

व्होल्टेज ठीक असेल, तर हिरवी-पिवळी उलट लागली आहे का पाहा. तरीही उलगडा झाला नाही, तर कीपॅड पॅनेलजवळ आणून हातभर नव्या वायरने जोडा. तिथे नीट चालला, तर दोष भिंतीतल्या केबलचा.

वायरला हात लावण्यापूर्वी पॅनेलचा मेन्स बंद करा आणि आतल्या बॅटरीची वायरही काढा. नुसता मेन्स बंद केल्याने पॅनेल बंद होत नाही.