आरोप कागदावर आणा

चाकणच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळत होतो. वर्षअखेरच्या मोजणीत पितळी बुश कमी भरले आणि मॅनेजरसाहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "माल बाहेर गेलाय, कुणी घातलाय तेही मला ठाऊक आहे." रोख माझ्यावर होता. त्यातून जे हाती लागलं ते लिहितो, कारण अशा आरोपांपायी सरळमार्गी माणसं नोकरी सोडून जाताना मी पाहिली आहेत.

१. खुलासा नंतर, आधी तपशील. किती नग, कोणत्या तारखेला, कोणत्या चलनावर? मी त्याच दिवशी मेल करून विचारलं, एचआरला प्रत ठेवली. उत्तर तोंडी आलं, "एवढं ताणू नकोस." तेही दुसऱ्या मेलमध्ये नोंदवलं. मोघम आरोपाला लांबलचक उत्तर दिलं, की त्यातलीच वाक्यं आपल्यावर उलटवली जातात.

२. "राजीनामा दे, रिलीव्हिंग लेटर चांगलं देतो," असं कुणीतरी आपुलकीने सांगतंच. देऊ नका. माफीनामाही नाही.

३. कारणे दाखवा नोटीस आली, तर ती नाकारू नका. सहीखाली "मिळाली, मजकूर मान्य नाही" असं तारीख-वेळेसह लिहा. मुदत अपुरी असेल तर वाढवून मागा, तीही लेखी.

४. खरी लढाई कागदांची. मात्र कंपनीचे कागद घरी नेऊ नका, तोच नवा आरोप होतो. नंबर टिपून ठेवा आणि प्रती अर्ज करून मागा. मी बिन कार्ड (मालाच्या शिलकीचं कार्ड), जीआरएन (माल आल्याची पावती) आणि रिटर्नेबल गेट पास मागितले. आमच्याकडे पासची पांढरी प्रत मालासोबत जाई, पिवळी पुस्तकात राही आणि गुलाबी गेटवर. पुस्तकातली पिवळी फाटलेली होती. सिक्युरिटीच्या फाइलमधली गुलाबी शाबूत निघाली: बुश जॉबवर्कला गेलेले, शेऱ्यात "अर्जंट, नोंद नंतर", आणि खाली साहेबांचीच सही. कार्बनची होती, पण स्पष्ट.

५. खातेनिहाय चौकशी लागली तर घाबरू नका. आरोपपत्र, साक्षीदारांची उलटतपासणी, मदतीला सहकारी, रोजच्या कामकाजाची प्रत, हे सगळं मागता येतं. न वाचता पानावर सही करू नका. निलंबित कामगाराला पहिले ९० दिवस निम्मं वेतन निर्वाह भत्ता म्हणून मिळतं. पुढेही चौकशी रेंगाळली आणि दोष त्याचा नसला, तर ७५ टक्के. खोट्या पुराव्यावर फौजदारी प्रकरणात गोवून किंवा उघड खोटी कारणं देऊन कामावरून काढणं, याला महाराष्ट्राच्या १९७१च्या कायद्याने अनुचित कामगार प्रथा म्हटलं आहे. सुपरवायझर असाल तर तुम्ही 'कामगार' ठरता का, हे आधी वकिलाला किंवा युनियनला विचारा. ते हुद्द्याच्या नावावर नाही, प्रत्यक्ष कामावर ठरतं.

६. सहकाऱ्यांकडून बाजू घेण्याची अपेक्षा धरू नका. त्यांचेही हप्ते असतात. गेटवरच्या माणसाने मला "फाइल बघा" एवढंच सांगितलं. ते पुरेसं होतं आणि त्याचे उपकार मी विसरलेलो नाही.

७. "विषय संपला" यावर समाधान मानू नका. नोटीस रद्द झाल्याचं पत्र मागा. मला दोन ओळींचं मिळालं. ते नोटीस बोर्डावर लावा, ही माझी मागणी मात्र मान्य झाली नाही. ती रास्त होती असं मी आजही म्हणतो. पत्राची एक प्रत घरी ठेवा, दुसरी पर्सनल फाइलला लागली का ते स्वतः डोळ्यांनी पाहा. बढतीच्या वेळी जुनी फाइल उघडते, आणि उघडणारा अधिकारी तोवर नवीन आलेला असतो.