शब्द तेच, मग निकाल वेगळे का?

प्रश्न : प्रबंधासाठी मी पबमेड या वैद्यकीय लेखांच्या डेटाबेसवर लेख शोधते. ‘मलेरिया अँड चिल्ड्रन ऑर इन्फन्ट्स’ असं टाकलं की मलेरियाशी काडीचा संबंध नसलेले ढीगभर लेख येतात. ‘चिल्ड्रन ऑर इन्फन्ट्स अँड मलेरिया’ असं टाकलं की यादी आटोपशीर होते. असं का?
– पदव्युत्तर विद्यार्थिनी, मिरज

उत्तर : शोध घेताना संगणक लेख वाचत बसत नाही, आधीच तयार असलेली सूची चाळतो. कोणता शब्द कोणकोणत्या लेखांत आहे, त्यांचे क्रमांक त्या सूचीत असतात. समजा, मलेरियापुढे ३, ८, १५, २२ आहेत, चिल्ड्रनपुढे ८, ९, २२, ४० आणि इन्फन्ट्सपुढे ५, १५, ३१. ‘अँड’ दोन्ही याद्यांतले सामाईक क्रमांक ठेवतो, ‘ऑर’ दोन्ही याद्या एकत्र करतो.

पबमेड हे डावीकडून उजवीकडे सोडवतं. तुमच्या पहिल्या शोधात मलेरिया आणि चिल्ड्रन यांतले सामाईक ८ आणि २२ निघाले. मग इन्फन्ट्सची अख्खी यादी त्यांत येऊन मिसळली. त्यातले ५ आणि ३१ हे तुमचे नको असलेले पाहुणे! दुसऱ्या शोधात मुलं आणि तान्ही बाळं आधी एकत्र आली, मग मलेरियाची चाळणी लागली. उरले ८, १५, २२. काही डेटाबेस मात्र ‘अँड’ आधी सोडवतात, म्हणून क्रमावर भिस्त ठेवू नका, कंस घाला.

हे तर्कगणित जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाचं. १८५४ साली, आयर्लंडमधल्या कॉर्कला प्राध्यापक असताना, त्यांनी ते ग्रंथरूपात सविस्तर मांडलं. ते संगणकाच्या इतकं कामी येईल, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

मला खरी काळजी वाटते ती निसटलेल्या लेखांची, कारण ते दिसतच नाहीत. १९८५ साली ब्लेअर आणि मॅरन या संशोधकांनी अमेरिकेतल्या एका खटल्याच्या सुमारे ४० हजार कागदपत्रांमधला संगणकीय शोध तपासला. कामाची ७५ टक्के कागदपत्रं हाती लागली, अशी वकिलांची खात्री होती; प्रत्यक्षात लागली होती जेमतेम २० टक्के. वकील ‘अपघात’ शोधत होते, कागदांत कुठे ‘घटना’ लिहिलं होतं, कुठे ‘परिस्थिती’.

तेव्हा प्रत्येक कल्पनेचे समानार्थी शब्द ‘ऑर’ने जोडून एका कंसात ठेवा, मग कंस ‘अँड’ने जोडा. ‘नॉट’ शक्यतो टाळा. ‘नॉट अ‍ॅडल्ट्स’ म्हटलंत, तर मुलं आणि प्रौढ दोघांवरचा उत्तम लेखही गळून पडेल. आणि पबमेडमध्ये हे तिन्ही शब्द कॅपिटल अक्षरांतच टाइप करा.