मांडवामागची भट्टी

आम्हा वऱ्हाडातल्या माणसांना उन्हाची सवय असते, निदान आमचा तसा दावा असतो. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, निघताना तांब्याभर पाणी. ऊन लागायचं ते पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना. शिवाय मोठे मामा त्या दिवशी उन्हात गेलेच नव्हते. अकोल्यात, मे महिन्यात घरचं लग्न. आचाऱ्यांवर नजर ठेवायला म्हणून ते मांडवामागच्या टिनाच्या शेडमध्ये, भट्ट्यांजवळ खुर्ची टाकून सकाळपासून बसले होते.

जेवायला बोलवायला गेलो तर मला म्हणाले, “नागपूरची गाडी लागली का रे?” मग माझ्याकडे न बघताच उठले, दोन पावलं भेलकांडले आणि पाणी द्यायला आलेल्या पोरावर खेकसले. आयुष्यात कुणाला अरेतुरे न करणारा माणूस! मामी म्हणाल्या, “रात्रभर जागरण झालंय, पडू द्या जरा.” कुणी कांद्याचा रस तळपायाला चोळायला निघालं, कुणी तापाची गोळी शोधू लागलं. सदरा घामाने चिंब होता, म्हणून ऊन लागलेलं नाही असाही एकाचा निर्वाळा.

मुलीकडच्या पाहुण्यांत एक सिस्टर होत्या. त्यांनी कपाळाला हात लावला आणि एवढंच म्हणाल्या, “आधी गार करा, मग उचला.” मामांना सावलीत हलवून सदरा काढला, पिंपातलं पाणी बादलीने अंगावर ओतलं, कूलर ओढून तोंडासमोर लावला. सरबतासाठी आणलेला बर्फ फडक्यात बांधून मानेला, काखेत, जांघेत ठेवला. १०८ला फोन झालाच होता; गाडी येईपर्यंत पाणी ओतणं थांबलं नाही. दवाखान्यात पोचल्यावरही ताप १०४ होता. मामा वाचले, मूत्रपिंडं मात्र बरेच दिवस कुरकुरत राहिली.

तेव्हापासून मी लोकांना एकच गोष्ट सांगत सुटतो: घाम बघू नका, बोलणं बघा. गळून जाणं, मळमळ, डोकं दुखणं, पायात गोळे येणं ही आधीची पायरी. तिथे सावली, विसावा, मीठ-साखरेचं पाणी, पन्हं, ताक यांनी माणूस सावरतो. पण असंबद्ध बोलणं, विनाकारण चिडणं, तोल जाणं, फिट किंवा शुद्ध हरपणं दिसलं की तो उष्माघात. शरीराचं तापमान तेव्हा साधारण ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलेलं असतं आणि मेंदूला चटका बसू लागलेला असतो. कातडी कोरडी पडतेच असं नाही. भट्टीपाशी, शेतात राबणारा किंवा पळणारा माणूस घामाने निथळत असतानाही कोसळतो.

तापाची गोळी इथे कुचकामी. नेहमीच्या तापात मेंदूच तापमान वर चढवतो आणि गोळी ते उतरवते. इथे मेंदूने काही चढवलेलंच नसतं, बाहेर टाकता न आलेली उष्णता साठलेली असते. भान हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जातं. कांद्याबद्दल मी वाद घालत नाही. खिशात राहू दे, वेळ मात्र त्याच्यावर घालवू नका.

कोकणपट्टीत तर घाम वाळतच नाही, आणि वाळला नाही तर अंग निवत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उघड्या मैदानावर बसलेल्यांपैकी १४ जण दगावले. पारा तेव्हा चाळिशीच्या आतच होता.

मामा रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत असत, हे डॉक्टरांनी विचारल्यावर आमच्या ध्यानात आलं. अशी औषधं परस्पर बंद करायची नसतात, पण मार्चमध्येच डॉक्टरांशी त्याबद्दल बोलून घ्यावं. आता आमच्या घरच्या कार्यात आचारी आणि त्यांची पोरं भट्टीवर आळीपाळीने उभी राहतात, कूलर आधी तिथे लागतो आणि मग वरपक्षाच्या खोलीत. यावरून थोडी रुसवाफुगवी होते, ती आम्ही चालवून घेतो.