स्त्रियांचे मानसस्वास्थ्य : जामखेडच्या संशोधनातून वैद्यांनी काय घ्यावे?

आचार्य चरकांनी त्रिविध औषध सांगताना दैवव्यपाश्रय व युक्तिव्यपाश्रय यांच्या जोडीस सत्त्वावजय सांगितले आहे. विद्यार्थीदशेत आपण सर्वांनी त्याची व्याख्या लिहिली आणि गुणही मिळविले. पुढे दवाखाना थाटल्यावर मात्र युक्तिव्यपाश्रयाची कपाटे भरत गेली आणि सत्त्वावजय ‘काळजी करू नका, मन शांत ठेवा’ एवढ्या एका वाक्यापुरते उरले. हे वाक्य आपण सर्वांत अधिक वेळा ज्या रुग्णेस ऐकवतो, ती म्हणजे खेड्यातील विवाहित स्त्री. तिच्या मनाविषयी आपल्याच अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात, जामखेड येथे, एक महत्त्वाचे संशोधन झालेले आहे. परदेशी विद्यापीठांत त्याची चर्चा होते. आपल्या वैद्यसंमेलनांत त्याचा उल्लेख आम्ही क्वचितच ऐकला आहे. त्या संशोधनामागील तज्ज्ञ कोण, त्यांना काय आढळले आणि आपल्या चिकित्सेत त्याचे स्थान कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

संशोधनामागील तज्ज्ञ

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे. नेवासे तालुक्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काही वर्षे सेवा केल्यावर त्यांनी १९७० साली जामखेडचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावानेच निवडलेली एक स्त्री, बहुधा निरक्षर आणि अनेकदा वंचित जातीतील, हीच गावाची आरोग्यसेविका, हा त्या प्रकल्पाचा कणा. तिचे शिक्षण एकदाच होऊन संपत नसे. ती नियमितपणे जामखेडला येई, आपल्या गावातील अडचणी मांडी आणि नवे काही शिकून परत जाई. महिला मंडळे, शेतकरी मंडळे, पाणी, शेळीपालन, बचत हे सर्व याच आरोग्यकार्याचे भाग मानले गेले. १९७९ साली या दांपत्यास रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ साली आणि डॉ. रजनीकांत २०११ साली निवर्तले.

या पायावर मानसस्वास्थ्याचा अभ्यास उभा राहिला. डॉ. मिशेल करमोड या मेलबर्न विद्यापीठातील सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक त्याच्या प्रमुख. त्यांच्यासमवेत मेलबर्नच्याच मनोविकारतज्ज्ञ डॉ. हेलन हरमन होत्या. पुढे २०१७ ते २०२० या काळात त्या जागतिक मनोविकार संघटनेच्या अध्यक्षपदी होत्या. गोव्यातील ‘संगत’ या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक असलेले डॉ. विक्रम पटेल यांचाही त्यात सहभाग होता. मनोविकारतज्ज्ञ जेथे पोहोचत नाही तेथील कार्यकर्त्यांसाठी त्यांनी लिहिलेले पुस्तक २००३ साली प्रसिद्ध झाले. स्वतः डॉ. रजनीकांत आरोळे हेही या शोधनिबंधाचे सहलेखक आहेत. जामखेड परिसरातील पुढील सर्वेक्षणात पुण्याचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. कौस्तुभ जोग आणि ऑस्ट्रेलियाचे डॉ. अँथनी जॉर्म सहभागी झाले. सामान्य माणसास मनोविकार ओळखता येणे, त्याची कारणे व उपाय ठाऊक असणे याला ‘मानसिक आरोग्य साक्षरता’ हे नाव १९९७ साली देणाऱ्यांत जॉर्म अग्रणी होते.

नावे मोठी आहेत. तथापि यांपैकी कोणीही केवळ प्रश्नावली हाती घेऊन एखाद्या वाडीवर उतरले असते, तर सासूच्या देखत सुनेने काय सांगितले असते, हे आपणांस सांगावयास नको. तीस-पस्तीस वर्षांच्या गावकामातून जो विश्वास निर्माण झाला होता, तेच या संशोधनाचे खरे साधन होते, असे आमचे मत आहे.

बत्तीस स्त्रियांनी काय सांगितले?

२००७ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अभ्यासात प्रकल्पाशी संबंधित ३२ स्त्रियांच्या सविस्तर मुलाखती होत्या. मन निरोगी असणे म्हणजे काय, ते कशाने बिघडते, खिन्नता, आत्महत्या व मारहाण यांविषयी गावात काय अनुभव आहे, असे प्रश्न त्यांना विचारले गेले. मन निरोगी असणे म्हणजे ताण नसणे, असा त्यांच्या उत्तरांचा सर्वसाधारण आशय होता. ताणाची कारणेही त्यांनी नेमकी सांगितली : नवऱ्याशी कलह, सासूशी कलह, घरातील मारहाण आणि गरिबी. हाती स्वतःची मिळकत येणे, शिक्षण मिळणे, जातीवरून व स्त्री म्हणून होणारा भेदभाव कमी होणे, यांनी मन सावरते, हेही त्यांनी ओळखले होते. मात्र प्रकल्प आला आणि सर्व दुःख संपले, असे चित्र त्यांनी रंगविले नाही. आत्महत्या व हिंसाचार त्यांच्या परिचयाचे होते आणि त्यांचे वर्णन त्यांनी स्पष्टपणे केले.

२००७ च्या अखेरीस झालेल्या सर्वेक्षणात २४० ग्रामस्थ व ६० आरोग्यसेविका यांना काल्पनिक रुग्णांच्या कथा ऐकवून त्यांची मते घेण्यात आली. एक कथा खिन्नतेची, दुसरी उन्मादसदृश तीव्र मनोविकाराची. कारणे सांगताना लोकांनी सामाजिक व आर्थिक अडचणींवर सर्वाधिक भर दिला. भूतबाधा, करणी अशा कारणांना अपेक्षेइतका कौल मिळाला नाही. ‘खेड्यातील लोक मनोविकार म्हणजे बाहेरचे मानतात’ असे आपण वैद्य परस्परांत सहज बोलतो; ते विधान यापुढे जपून करावे.

बत्तीस ही संख्या लहान आहे आणि त्या सर्व प्रकल्पाशी जोडलेल्या होत्या. त्यामुळे जिल्ह्यातील इतक्या टक्के स्त्रिया खिन्न आहेत, असे काही या अभ्यासातून निघत नाही. त्याचे मोल वेगळे आहे. निदानपंचकातील हेतू येथे रुग्णेच्याच तोंडून मिळतो, आणि तो आहाराच्या यादीत सापडणारा नाही. विषाद हा चरकांनी वाताच्या ८० नानात्मज विकारांत गणला आहे, तसेच रोग वाढविणाऱ्या भावांत त्यास अग्रस्थान दिले आहे. वातशामक द्रव्ये आपण देतोच. परंतु ज्या हेतूने वात रोज प्रकुपित होत आहे तो घरात तसाच राहिला, तर निदानपरिवर्जन कोठे झाले?

देहाच्या भाषेतील मन

रुग्णा ‘माझे मन खिन्न आहे’ असे म्हणत येत नाही. ती अंग गळून जाते म्हणते, कंबर दुखते म्हणते, पांढरे जाते, भूक नाही, डोके धरते, झोप लागत नाही म्हणते. फार तर ‘टेन्शन आहे’ म्हणते आणि तेही हसून. या ठिकाणी गोव्यातील अभ्यास आपल्या विशेष उपयोगाचे आहेत. डॉ. पटेल व सहकाऱ्यांनी १८ ते ५० वयाच्या २४९४ स्त्रियांची पाहणी केली. ती २००५ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १२.१ टक्के स्त्रियांना सहा महिन्यांहून अधिक काळ थकवा होता. या थकव्याचा संबंध हिमोग्लोबिनच्या प्रमाणाशी आढळला नाही. तो मनाच्या अस्वास्थ्याशी, दारिद्र्याशी व नवऱ्याकडून होणाऱ्या लैंगिक जबरदस्तीशी आढळला. योनिगत स्रावाच्या तक्रारीबाबतही, जंतुसंसर्गापेक्षा मानसिक व सामाजिक घटकांशी असलेला संबंध अधिक बळकट दिसला.

याचा अर्थ पांडू तपासू नये किंवा श्वेतप्रदराची चिकित्सा करू नये, असा कोणीही घेऊ नये. रक्ततपासणी व स्थानिक परीक्षण प्रथम झालेच पाहिजे, थायरॉइडही पाहावे. मात्र लोह व रसायन देऊन तीन महिन्यांनंतरही ‘अशक्तपणा जात नाही’ म्हणणाऱ्या रुग्णेस चौथी बाटली लिहिताना वैद्याने थांबावे. श्वेतप्रदराच्या त्याच त्या तक्रारीने त्रासलेली स्त्री अखेर गर्भाशय काढण्याच्या सल्ल्यापर्यंत पोहोचते. शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांसंबंधी राज्य शासनास २०१९ साली चौकशी समिती नेमावी लागली. पाथर्डी, शेवगाव, जामखेड येथूनही कोयता घेऊन स्त्रिया बाहेर पडतात, त्या आपल्याच रुग्णा आहेत.

सूतिकेचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. गोव्यातीलच २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रसूतीनंतर ६ ते ८ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये खिन्नतेचा विकार आढळला. त्यांपैकी ७८ टक्के मातांना गर्भिणी अवस्थेतच लक्षणीय मानसिक त्रास होता. मुलगी होणे आणि नवऱ्याची मारहाण ही महत्त्वाची कारणे ठरली. सुश्रुतांनी सूतिकाकाल दीड महिन्याचा अथवा पुन्हा रजोदर्शन होईपर्यंतचा सांगितला आहे. आपल्याकडे सव्वा महिन्यापर्यंत शेक-शेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू सर्व यथासांग होते. नंतर पाहुण्यांची वर्दळ थांबते आणि पुढे बाळंतीण माहेर सोडून सासरी जाते. नेमक्या याच सुमारास तिच्या मनाची विचारपूस करणारे कोणी नसते. बाळाला पाहण्याच्या निमित्ताने सहाव्या ते आठव्या आठवड्यात तिला बोलावून घेणे वैद्यास सहज शक्य आहे. गर्भधारणेस सौमनस्य श्रेष्ठ असे चरक सांगतात. गर्भिणीची विचारपूसही त्याच कारणास्तव आरंभापासून हवी.

चिकित्सालयातील व्यवहार

दोन प्रश्न प्रत्येक जुनाट तक्रारीच्या रुग्णेस विचारावेत, असे आम्ही सुचवितो. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास किंवा निराश होते काय? पूर्वी ज्यात रस वाटे त्यात आता मन लागेनासे झाले आहे काय? यांपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ असल्यास पुढे झोप, आहार, घरातील वातावरण आणि मारहाण यांविषयी विचारावे. शेवटी, ‘जीव नकोसा होतो का? जीव देण्याचा विचार येतो का?’ हेही शांतपणे विचारावे. असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात येतो, हा समज चुकीचा आहे. उलट बहुतेकींना सांगितल्याने हलके वाटते. उत्तर होकारार्थी आले तर रुग्णेस एकटी सोडू नये, घरातील विश्वासाच्या माणसास बोलवावे, कीटकनाशके व औषधे कुलुपात ठेवावयास सांगावे आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. २०२२ पासून सुरू झालेली शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र मिळते. मारहाणीबाबत १८१ ही महिला मदतवाहिनी आहे.

कायद्याची माहितीही ठेवावी. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, असे गृहीत धरले जाते. तेव्हा पोलिसांच्या भीतीने प्रकरण दडपण्यास नातेवाइकांना साथ देऊ नये. याच अधिनियमाने मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तरास मानसिक आरोग्य व्यावसायिकांत स्थान दिले आहे. केवळ बी.ए.एम.एस. पदवीने ते मिळत नाही. प्राथमिक ओळख, धीर देणे, सौम्य अवस्थेत चिकित्सा आणि वेळीच पाठवणी हे मात्र आपले काम आहे आणि ते कमी महत्त्वाचे नाही.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी दोन गोष्टी. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही द्रव्ये अनुसूची ‘एच-१’ मध्ये आहेत. चिठ्ठीविना ती देऊ नयेत आणि नोंदवही तीन वर्षे जपावी, हे सर्वांस ज्ञात आहे. परंतु सर्पगंधाघनवटी झोपेसाठी मागितली की आपण ती निःशंकपणे देतो. सर्पगंधेतील रेसर्पीनमुळे खिन्नता उत्पन्न होते किंवा असलेली वाढते, हा इशारा १९५० च्या दशकापासून दिला गेला आहे. ‘झोप येत नाही’ म्हणणारी उदास स्त्री आणि सर्पगंधा ही जोडी टाळावी. तिला वैद्याकडे पाठवावे. महिन्यामागून महिना तीच टॉनिकची बाटली नेणारी गिऱ्हाईक स्त्री विक्रेत्याच्या जितकी लक्षात राहते, तितकी ती वैद्याच्याही राहत नाही. तिच्याबद्दल एक निरोप वैद्यास द्यावा.

जामखेडच्या अभ्यासाचा वारसा पुढेही चालू आहे. डॉ. जोग यांचा सहभाग असलेल्या ‘आत्मीयता’ या उपक्रमात नाशिक जिल्ह्यातील गावकऱ्यांनाच खिन्न व्यक्ती ओळखणे, तिचे ऐकून घेणे व तिला योग्य ठिकाणी पोहोचविणे शिकविले गेले. आपल्या गावातील आशा सेविका व बचत गटाची अध्यक्षा यांच्याशी वैद्याने ओळख ठेवावी, ती याच हेतूने.

राहता राहिला सर्वांत अवघड भाग, एकांताचा. सुनेबरोबर सासू येते आणि उत्तरे सासूच देते. तिला बाहेर काढल्यास दुसऱ्या दिवशी सून येत नाही. आम्ही सासूला आधी तिच्याच गुडघ्यांविषयी विचारतो, नाडी पाहतो आणि पथ्य समजून घेण्यासाठी औषधे देणाऱ्या मदतनिसाकडे बसवतो. तेवढ्यात सात-आठ मिनिटे मिळतात. दालनात स्त्री परिचारिका असावी, दार अर्धवट उघडे असावे आणि सुनेने जे सांगितले ते केसपेपरवर सासूला वाचता येईल अशा शब्दांत लिहू नये. पुढची तारीख महिन्याची न देता सात दिवसांची द्यावी.